सल्ला द्यायचा तर फेब्रुवारीत द्या

(कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या मराठी पालकांच्या एका मेळाव्यातलं बोलणं, थोडं नीट करून लिहिलेलं.)

नमस्कार. मागेपर्यंत आवाज येतोय ना? बरं. मला सांगितलं होतं की स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे आपल्या भागातल्या सगळ्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, सल्लागार समितीवर पालक नेमकं करतात काय ते सांगा, तर माझं जिथून सुरू झालं तिथूनच सुरू करते, म्हणजे शाळेत नाव घालतानाच्या फॉर्मपासून. कॅलिफोर्नियात पब्लिक स्कूलमध्ये नाव घातलं की होम लँग्वेज सर्व्हे म्हणून एक कागद भरावा लागतो, मूल पहिल्यांदा बोलायला लागलं ते कुठल्या भाषेत, घरात मोठी माणसं काय बोलतात, असे प्रश्न. मी सगळीकडे मराठी लिहिलं. खरंच तसं होतं, सासूबाई तेव्हा इथेच होत्या, पोरीच्या कानावर दिवसभर दुसरं काही पडतच नव्हतं. मग शाळेने तिची परीक्षा घेतली आणि महिन्याभरात पत्र आलं की तुमची मुलगी इंग्लिश लर्नर आहे, म्हणजे तिला इंग्रजी अजून पुरेसं येत नाही.

घरात एकदम शांतता. नवरा म्हणाला काहीतरी चूक झालीय, उद्या फोन कर. ओळखीतल्या दोघीतिघींनी सांगितलं की अगं धाकट्याच्या वेळी सरळ इंग्लिश लिहून टाक, कटकट नको. हे मी अजूनही ऐकते, इथे बसलेल्यांपैकी कुणी तसं लिहिलंही असेल, मी दोष देत नाहीये, भीती वाटते हे मला कळतं. पण घरची भाषा लपवून पोरीला शाळेत पाठवायचं हे काही माझ्या मनाला पटेना. मी म्हटलं आधी हा शिक्का म्हणजे काय ते तरी समजून घेऊ. पत्रात खाली एक ओळ होती, पालकांच्या ईलॅक मीटिंगला या म्हणून. गेले.

शाळेत २१ किंवा जास्त इंग्लिश लर्नर मुलं असली की कायद्याने पालकांची अशी एक समिती लागते, तिला ईलॅक म्हणतात, आणि अख्ख्या डिस्ट्रिक्टमध्ये ५१ किंवा जास्त असली की वरची समिती, डीलॅक. त्या दिवशी लायब्ररीत छोट्या मुलांच्या खुर्च्यांवर आम्ही सात-आठ जण बसलेलो, बहुतेक बायका स्पॅनिश बोलणाऱ्या, एक व्हिएतनामी आजोबा, आणि मी. शेवटी प्रिन्सिपल म्हणाले, वरच्या समितीवर कोण जाईल? कुणीच बोलेना. मी हात वर केला. त्याला आता सहा वर्षं झाली, आधी डीलॅक आणि मग डिस्ट्रिक्टच्या मोठ्या पालक सल्लागार समितीवर.

ही समिती कुणाच्या उपकाराने मिळालेली नाहीये, हे मला नंतर कळलं आणि ते तुम्हाला सांगायलाच हवं. सॅन फ्रान्सिस्कोत, इथून पूल ओलांडला की आलंच ते, सत्तरच्या दशकात सुमारे १८०० चिनी मुलं अशी होती की ती वर्गात बसायची आणि त्यांना शिक्षक काय बोलतात ते कळायचंच नाही, आणि त्यासाठी वेगळी मदतही नव्हती. त्यांच्या पालकांनी केस केली, ती सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, लाऊ विरुद्ध निकोल्स, १९७४. कोर्टाने एकमताने सांगितलं की तीच पुस्तकं, तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक दिली असं होत नाही, भाषाच कळत नसेल तर शिक्षणाचं दारच बंद आहे. माझ्या मुलीला वर्गात वेगळा अर्धा तास मिळायचा त्याच्या मागे ते पालक आहेत. लाँड्रीत, रेस्टॉरंटच्या किचनमध्ये राबणाऱ्या लोकांची वस्ती होती ती. मला हे वाचून भरून आलं होतं.

आता पैशाकडे येते, कारण समितीचं खरं काम तिथे आहे. २०१३ मध्ये जेरी ब्राऊन गव्हर्नर असताना शाळांना पैसे वाटायची पद्धतच बदलली. प्रत्येक मुलामागे एक मूळ रक्कम, आणि तीन प्रकारच्या मुलांसाठी वर आणखी २० टक्के, कमी उत्पन्नाच्या घरातली मुलं, इंग्लिश शिकणारी मुलं आणि फॉस्टर केअरमधली, म्हणजे आईवडिलांपासून दूर सरकारी देखरेखीत वाढणारी मुलं. एक मूल तिन्हीत बसलं तरी मोजायचं एकदाच. अशी मुलं डिस्ट्रिक्टमध्ये ५५ टक्क्यांच्या वर असली की आणखी वेगळे पैसे. म्हणजे बघा, ज्या शिक्क्याची आम्हाला लाज वाटली होती त्या शिक्क्यामुळे हिशोबात माझ्या मुलीच्या नावावर जास्तीचे पैसे धरले जात होते. मग मी विचारलं, ते जातात कुठे?

ते लिहिलेलं असतं एका प्लॅनमध्ये, त्याला सगळे एलकॅप म्हणतात. तीन वर्षांचा प्लॅन, दरवर्षी त्यात बदल करायचे, आणि १ जुलैच्या आत स्कूल बोर्डाने, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या निवडून आलेल्या मंडळाने, तो मंजूर करायचा. जाडजूड असतो, पहिल्यांदा उघडला तेव्हा सगळं डोक्यावरून गेलं. पण मंजुरीच्या आधी तो पालकांच्या सल्लागार समितीला दाखवावाच लागतो, आणि समितीने जे काही म्हटलं असेल त्याला सुपरिंटेंडेंटने, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्याने, लेखी उत्तर द्यायचं, असं कायद्यातच आहे. आम्हाला मतदानाचा हक्क नाही. आम्ही ठराव पाडू शकत नाही, कुणाला नोकरीवर घेऊ किंवा काढू शकत नाही. लोक मला विचारतात मग जाता कशाला, वेळ वाया. मी म्हणते, लेखी उत्तर मिळतं. सरकारी माणसाकडून लेखी उत्तर म्हणजे काय ते आपल्याकडच्या लोकांना मी वेगळं सांगायला नको, तलाठी कार्यालयात खेटे घातलेली माणसं आहोत आपण.

पण उत्तर प्रश्नासारखंच येतं. पहिल्या वर्षी आम्ही लिहिलं, मुलांना अजून मदत हवी आहे. उत्तर आलं, धन्यवाद, आम्ही सहमत आहोत. झालं, वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी एका जुन्या सदस्य बाईंनी शिकवलं की पानाचा नंबर लिही, कुठल्या कामाला किती पैसे ठेवले ते लिही, गेल्या वर्षी त्यातले किती खर्च झाले ते विचार, आणि एका कमेंटमध्ये एकच प्रश्न ठेव. तेव्हापासून उत्तरं बदलली. कारण आता धन्यवाद लिहून भागत नाही, आकडा शोधून द्यावा लागतो.

आणि वेळ. हे मी सगळ्यात कळकळीने सांगते. आपले लोक जूनमध्ये येतात. जूनमध्ये बोर्डाची सुनावणी असते, आणि पुढच्या मीटिंगला मंजुरी, दोन-तीन मिनिटं बोलायला मिळतं, लोक तावातावाने बोलतात, बोर्डाचे सदस्य मान हलवतात, प्लॅन जसाच्या तसा पास होतो. मग सगळे म्हणतात ऐकतच नाहीत. अहो, पण जानेवारीत गव्हर्नरचं बजेट येतं, तेव्हा डिस्ट्रिक्टचे लोक आकडे मांडायला बसतात, १५ मार्चपर्यंत ज्या शिक्षकांना कमी करायचं असेल त्यांना नोटीस जायला लागते, मे महिन्यात गव्हर्नरचे सुधारलेले आकडे येतात, जून उजाडेपर्यंत माणसं नेमलेली आणि पैसे वाटलेले असतात. बोलायचं तर फेब्रुवारीत बोला, जेव्हा अजून खोडरबर चालतं. आणि फेब्रुवारीतल्या त्या मीटिंगला खोलीत किती माणसं असतात माहितीये? कधी सहा.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट सांगते. एलकॅपमध्ये इंग्लिश लर्नर मुलांसाठी शाळा सुटल्यानंतरच्या ट्युटरिंगला पैसे ठेवले होते. मी एक्सेल शीट करून गेले होते, तीन वर्षांचे आकडे, मला अभिमान होता त्या शीटचा. माझ्या शेजारी एक बाई बसायच्या, ऑफिसं साफ करायचं काम, रात्रपाळी करून यायच्या, कानाला दुभाष्याचा हेडफोन. माझं सगळं बोलून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की ट्युटरिंग संपतं तेव्हा बस गेलेली असते, माझा मुलगा घरी कसा येणार? खोलीत कुणाकडेच उत्तर नव्हतं. ज्या मुलांच्या नावाने पैसे आले होते तीच मुलं बसने जायची, म्हणून तीच थांबू शकत नव्हती, आणि थांबत होती ती गाडीने न्यायला कुणीतरी येणारी मुलं. त्यात माझी मुलगी होती. मी तीन वर्षं आकडे बघत होते आणि हे मला दिसलं नव्हतं, त्या रात्री घरी येताना मला फार वाईट वाटलं. आम्ही दोघींनी मिळून कमेंट लिहिली, त्यांनी स्पॅनिशमध्ये सांगितलं, दुभाष्याने इंग्रजी केलं, मी पान नंबर घातला. लेखी उत्तर आलं, आणि पुढच्या वर्षी दोन शाळांत ट्युटरिंग शाळेच्या वेळात आलं. सगळ्या शाळांत अजून नाही. यंदाही त्यावरच लिहितोय.

म्हणून आपल्या लोकांबद्दल एक बोलते, राग मानू नका. गणिताचा ॲडव्हान्स्ड वर्ग बंद होणार अशी नुसती कुजबुज झाली तरी आपण शंभर जण बोर्डासमोर उभे राहतो. राहावं, मुलांचं भलं कुणाला नको. पण समिती आपल्या एकट्या मुलासाठी नसते. आपल्याकडे शिक्षण आहे, कागद वाचायची सवय आहे, इंग्रजी येतं, तर ती ताकद त्या हेडफोनवाल्या ताईंच्या प्रश्नामागे लावली तर तो प्रश्न कागदावर टिकतो.

कुणीतरी मघाशी चहाच्या वेळी म्हणालं, आम्ही एच-वनवर, आम्हाला काय अधिकार. स्कूल बोर्डाला मत देता येत नाही हे खरं आहे, सॅन फ्रान्सिस्कोत २०१६ च्या मतदानाने नागरिक नसलेल्या पालकांना तो हक्क मिळाला, आपल्या इथे नाही. पण सल्लागार समितीवर यायला कुणी व्हिसा विचारत नाही, तुमचं मूल त्या शाळेत आहे एवढं पुरतं. उलट ज्याला मत नाही त्याला तर हीच खोली आहे. माझा भाऊ सांगलीकडे झेडपीच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे, तिथे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ७५ टक्के सदस्य पालक लागतात आणि निम्म्या बायका, आम्ही फोनवर समितीचंच बोलतो, त्याचा विषय शाळेच्या छपराचा, माझा बसचा.

दोन गोष्टी पटकन सांगते, लोक नेहमी विचारतात म्हणून. एक, डिसेंबरमध्ये भारतात जाऊन तीन-चार आठवडे राहतो आपण. इथे डिस्ट्रिक्टला पैसे पटावरच्या मुलांवर मिळत नाहीत, सरासरी हजेरीवर मिळतात, आणि १८० दिवसांच्या वर्षात १८ दिवस बुडाले की मूल सततच्या गैरहजेरीच्या यादीत जातं, कारण आजीला भेटणं असलं तरी. जायच्या आधी शाळेला इंडिपेंडंट स्टडीबद्दल, म्हणजे शाळेबाहेर राहून करायला ठरवून दिलेल्या अभ्यासाबद्दल विचारा, तो अभ्यास पूर्ण करून दिला तर दिवस धरता येतात. दोन, इंग्लिश लर्नरचा शिक्का काढताना चार गोष्टी बघतात, त्यात पालकांचं मत ही एक आहे. सही करायला कागद येतो तेव्हा नुसती सही करू नका, शिक्षकांशी बोला, वाचनात मूल कुठे आहे ते विचारा. माझ्या मुलीचा शिक्का तिसरीत निघाला. घरी अजून मराठीच बोलते.

आणि मराठीत कागद का येत नाहीत असं एका काकूंनी विचारलं होतं. शाळेतल्या १५ टक्के मुलांच्या घरी एकच दुसरी भाषा असली तर त्या भाषेत पत्र पाठवणं बंधनकारक आहे, आपण तेवढे कुठल्याच शाळेत दिसत नाही, आणि त्यातले निम्मे फॉर्मवर इंग्लिश लिहितात, मग मोजणार कसे. पण मीटिंगला मराठी दुभाषी हवा असं आधी कळवलं तर निदान विचारणा होते, मी सासूबाईंसाठी एकदा मागितला होता, मिळाला, फोनवर मिळाला पण मिळाला. त्या मीटिंगला सासूबाईंनी शाळेच्या जेवणात शाकाहारी काय असतं ते विचारलं, ते मिनिट्समध्ये आहे.

आमच्या समितीत यंदा दोन जागा रिकाम्या आहेत. अर्ज एका पानाचा आहे, मी प्रिंट काढून आणलेत, तिकडे चिवड्याच्या डब्याशेजारी ठेवलेत. पुढची मीटिंग दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला, लहान मुलांना सांभाळायची सोय असते, येणार असाल तर मला आज सांगून जा म्हणजे मी खुर्च्या वाढवायला सांगते.