पथ्याच्या ताटातला टोमॅटो

(दृश्य : अमळनेरचा भाजीबाजार. टोमॅटोचे ढीग, तराजू, भाव विचारणारे आवाज.)

थंडीचे दिवस आले की खान्देशातल्या बाजारात टोमॅटोची रेलचेल होते. अमळनेर असो, चोपडा असो की शहादा, भाव उतरला की लोक दोन-दोन किलो पिशवीत भरून नेतात. त्याच गर्दीत काही माणसं ढिगाकडे नुसती बघतात आणि पुढे सरकतात. पोटाचं दुखणं आहे. डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय, आणि घरच्यांनी त्याचा सोपा अर्थ लावलाय : आंबट बंद, टोमॅटो बंद.

ही फिल्म त्या माणसांसाठी आहे.

कुणाला आयबीएस आहे, म्हणजे पोट फुगणं, मुरडा, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ. कुणाला क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे आतड्याला कायमची सूज आणणारे आजार, कुणाला गहू न चालणारा सिलिअ‍ॅक आजार, तर कुणाच्या छातीत रोज रात्री जळजळतं. दुखणी वेगळी, तशी पथ्यंही वेगळी. म्हणून ‘टोमॅटो चालतो का?’ या प्रश्नाचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. कोणता टोमॅटो, किती, आणि त्याच्या जोडीला काय, हे विचारावं लागतं.

(दृश्य : धुळ्यातलं एक स्वयंपाकघर. सून गॅसच्या जाळावर कांदा भाजतेय. सासूबाई बाजूला बसून लसूण सोलताहेत.)

सासूबाई म्हणतात, “टमाटा नको टाकू वं, तुले बाधस.”

सून म्हणते, “आई, बाधस ते वाटण. टमाटा नही.”

सुनेला आयबीएस आहे, आणि तिचं म्हणणं बरोबर आहे. शेवभाजीचा रस्सा कशाने होतो ते बघा. काळा होईपर्यंत भाजलेले कांदे, सुकं खोबरं, अख्खा लसणाचा गड्डा, काळा मसाला, वर तेलाचा तवंग. त्यात हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाची शेव. सहा माणसांच्या भाजीत टोमॅटो पडतो एक, फार तर दोन. जुन्या पद्धतीच्या रश्शात तर तोही नसतो. आपल्या भरितातही टोमॅटो नाही, आणि ते कुणाला अडलेलं नाही.

कांद्यात आणि लसणात फ्रुक्टन नावाची शर्करांची साखळी असते. ती तोडणारं पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नाही, कुणाच्याच नाही. ती साखळी तशीच मोठ्या आतड्यात उतरते आणि तिथले जिवाणू ती आंबवतात. वायू धरतो. निरोगी माणसाला त्याचं फारसं काही वाटत नाही. आयबीएसच्या माणसाचं आतडं हळवं असतं, तेवढ्याच वायूने त्याला कळा येतात. हरभऱ्याच्या पिठातही असंच न पचणारं कर्बोदक असतं. एवढं सगळं पोटात गेल्यावर दोष मात्र टोमॅटोवर येतो, कारण तो आंबट आहे आणि त्याची साल ताटात दिसते.

तरीही टोमॅटोला पूर्ण मोकळीक नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला मोनाश विद्यापीठ आहे. आयबीएससाठी जगभर सांगितला जाणारा लो-फॉडमॅप आहार, म्हणजे फ्रुक्टनसारखी आतड्यात आंबणारी कर्बोदकं कमी असलेला आहार, तिथल्या संशोधकांनी तयार केला, आणि एकेक पदार्थ प्रयोगशाळेत तपासून कोणता किती चालेल याची यादी तेच ठेवतात. त्या यादीत साध्या टोमॅटोचं सुरक्षित प्रमाण एका वेळी ६५ ग्रॅम दिलंय. मध्यम आकाराच्या टोमॅटोचा अर्धा भाग किंवा त्याहून थोडा जास्त. त्यापुढे त्यातलं फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, वाढत जातं आणि काहींना ते शोषता येत नाही. म्हणजे भाजीत एखादी फोड चालेल, पण वाटीभर टोमॅटोची चटणी किंवा मोठा वाडगाभर सार नको.

(दृश्य : किराणा दुकानाची फळी. प्युरीचे डबे, पेस्टचे ट्यूब, केचपच्या बाटल्या. कॅमेरा एका बाटलीच्या मागच्या बाजूवर येऊन थांबतो.)

घरचा टोमॅटो निदान डोळ्यांसमोर चिरला जातो. दुकानातल्या टोमॅटोचं तसं नाही.

ताज्या टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी असतं. भारतीय अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे प्युरीत मीठ सोडून विरघळलेले घन पदार्थ किमान ९ टक्के आणि पेस्टमध्ये किमान २५ टक्के लागतात. याचा स्वयंपाकघरातला अर्थ असा की एक चमचा पेस्ट म्हणजे जवळजवळ पाच चमचे टोमॅटो. आंबटपणाही आटून तसाच वाढलेला. प्युरीची अख्खी पिशवी कढईत ओतताना हा हिशेब मनात असू द्या. पेस्ट वाईट नाही. चार जणांच्या भाजीत एक चमचा पेस्ट आयबीएसच्या बहुतेकांना चालून जाते. फक्त घटकांच्या यादीत टोमॅटो आणि फार तर मीठ, एवढंच असायला हवं.

आता केचप. नेहमीच्या लेबलावर साधारण असं लिहिलेलं असतं : पाणी, साखर, टोमॅटो पेस्ट, मीठ, आम्लता नियामक २६०, स्टॅबिलायझर १४२२ आणि ४१५, परिरक्षक २११, कांदा पूड, लसूण पूड, मसाले.

ही यादी वाचायला शिकणं हेच या पथ्यातलं मोठं काम आहे, म्हणून सावकाश बघू. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचा नियम आहे. ज्या बाटलीवर साखर टोमॅटो पेस्टच्या आधी आलीय, त्या बाटलीत पेस्टपेक्षा साखर जास्त घातलीय. २६० म्हणजे अ‍ॅसिटिक आम्ल, व्हिनेगरमधलं. जळजळीच्या माणसाने इथेच थांबावं. टोमॅटो मुळात आंबट, त्यात हे आणखी. साखरेने जिभेला तो आंबटपणा कळत नाही, पण आम्ल कमी झालेलं नसतं. १४२२ हा बदललेला स्टार्च आणि ४१५ झँथन गम, दोन्ही दाटपणासाठी. २११ सोडियम बेंझोएट, टिकण्यासाठी.

आणि शेवटची कांदा पूड. यादीत शेवटी आहे म्हणून ती किरकोळ समजू नका. जळगावातच पांढरा कांदा सुकवून त्याच्या चकत्या आणि पूड करण्याचा मोठा उद्योग आहे. साधारण आठ-दहा किलो ओल्या कांद्याची एक किलो पूड होते. पाणी उडून जातं, फ्रुक्टन जागेवर राहतं. काही पाकिटांवर तर ‘मसाले’ एवढाच शब्द असतो. त्यात काय आहे ते बाहेरून कळत नाही, आणि कळत नसेल तर पथ्याच्या माणसाने ते पाकीट परत फळीवर ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तयार टोमॅटो सूपची पाकिटं आणि पास्ता सॉस यांत कांदा-लसूण बहुधा असतोच. हातगाडीवरच्या लाल सॉसला तर लेबलच नसतं. तो सोडायचा.

(दृश्य : जळगावातलं एक दुकान. ‘कांदा-लसूण विरहित’ असं छापलेल्या बाटल्या.)

आपल्याकडे एक सोय आहे, ती परदेशातल्या आयबीएसच्या रुग्णांना सहजी मिळत नाही. खान्देशात जैन कुटुंबं पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यासाठी कांदा-लसणाशिवायचा सॉस साध्या किराणा दुकानातही मिळतो. लो-फॉडमॅपवाल्यांनी हीच बाटली मागावी. साधी साखर या आहारात माफक चालते. हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप, इन्व्हर्ट शुगर किंवा मध लिहिलेला असेल तर नको. सॉसचं प्रमाण मात्र एक-दोन चमच्यांपलीकडे न्यायचं नाही.

पण ही बाटली सगळ्यांना चालत नाही. एससीडी (स्पेसिफिक कार्बोहायड्रेट डाएट) नावाचा आणखी एक आहार आहे, न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांच्यापासून आलेला. आज तो मुख्यतः क्रोन्स आणि कोलायटिसचे रुग्ण पाळतात. त्यात धान्य, साखर, स्टार्च, गम असं सगळं बंद. म्हणून जैन सॉसही बंद, डबाबंद प्युरी आणि पेस्टही बंद. पण ताजा टोमॅटो चालतो, कांदा-लसूण चालतो, मधसुद्धा चालतो. म्हणजे लो-फॉडमॅपमध्ये जे वर्ज्य त्यातलं बरंच इथे चालतं, आणि तिथे जे चालतं ते इथे वर्ज्य. शेजारणीचं पथ्य उचलून आपण पाळायला लागलो तर घोटाळा होतो तो असा. आपल्याला नेमका कोणता आहार सांगितलाय, त्याचं नाव डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. आणि आहार पाळतोय म्हणून क्रोन्सची औषधं बंद करू नका. अमेरिकेत क्रोन्सच्या रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले, एससीडी आहार भाज्या, फळं, मासे आणि ऑलिव्ह तेलावर भर असलेल्या भूमध्यसागरी आहारापेक्षा सरस ठरला नाही.

सिलिअ‍ॅकच्या माणसाला टोमॅटोची भीती नाही, त्याला भीती गव्हाची. प्युरीत गहू नसतो, पण फोडणीतल्या हिंगात असू शकतो. बाजारातल्या बांधानी हिंगात डिंकाबरोबर गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. डबी उलटी करून वाचा. तांदळाचं पीठ वापरलेला हिंगही मिळतो. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी व्हायच्या आधी पोळी सोडू नका. गहू बंद केल्यावर तपासणीत आजार दिसेनासा होतो, आणि मग वर्षानुवर्षं निदान अडून राहतं.

(दृश्य : पुन्हा धुळ्याचं स्वयंपाकघर. पातेल्यात पाणी उकळतंय.)

घरची प्युरी करायला अर्धा तास पुरतो. लालभडक, पक्के पिकलेले टोमॅटो घ्यायचे. देठाच्या उलट्या बाजूला सुरीने फुलीसारखी चीर द्यायची. उकळत्या पाण्यात मिनिटभर सोडायचे आणि लगेच गार पाण्यात टाकायचे. चिरेपाशी साल आपोआप सुटून वर वळते, बोटांनी ओढली की निघते. मग चिरून, शिजवून, गाळणीतून घोटून काढायचे. बिया वर राहतात. क्रोन्समध्ये ज्यांचं आतडं एखाद्या जागी अरुंद झालंय, त्यांना साल आणि बिया अडकायचा धोका असतो. त्यांच्यासाठी ही गाळणी फार महत्त्वाची. प्युरी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवली की एकेक खडा मोजून वापरता येतो, प्रमाण चुकत नाही.

वाटणाचं काय करायचं? फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. सून कढईत शेंगदाणा तेल तापवते, ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या तांबूस होईपर्यंत परतते आणि झाऱ्याने एकूण एक उचलून बाजूला काढते. वास तेलात राहतो. त्यावर तीळ, सुकं खोबरं, मिरची, घरचा काळा मसाला, प्युरीचा एक खडा आणि मग पाणी. पाणी घालायच्या आधी लसूण निघालाच पाहिजे, नाहीतर सगळी मेहनत वाया. हे तेल रोजच्या रोज करायचं, बाटलीत भरून ओट्यावर ठेवायचं नाही, त्यात घातक जिवाणू वाढू शकतात. वरून कांद्याची पात, फक्त हिरवा भाग. सोबत ज्वारीची भाकरी, ती या पथ्यात बसते. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो, ती थोडे दिवस बाजूला.

सासूबाई रस्सा चाखतात. “वास ते लसूणनाच शे,” म्हणतात.

लो-फॉडमॅपचा कडक टप्पा दोन ते सहा आठवड्यांचा, जन्मभराचा नाही. तोही आहारतज्ज्ञांना विचारून. शौचात रक्त, विनाकारण घटणारं वजन, ताप, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब यांतलं काही असेल तर आहाराचे प्रयोग थांबवून आधी डॉक्टर गाठा.

त्रास शमला की एकेक पदार्थ परत आणायचा. टोमॅटोपासून सुरुवात करायची असेल तर तो आठवडा बाकी ताट तेच ठेवा. पहिल्या दिवशी अर्धा टोमॅटो, पोट शांत राहिलं तर पुढच्या खेपेला पाऊण, मग अख्खा. काय खाल्लं आणि काय वाटलं ते वहीत लिहा. टोमॅटोचा निकाल लागल्यावरच लसूण घ्यायचा. दोन्ही एकाच भाजीत आणले, तर बाधलं काय ते पुन्हा कळणार नाही.