काटा हलतोय, पण कशामुळे?

मंडळी, मघाशी चहाच्या वेळी एकाने विचारलं, "कंपनीनेच इंजिनच्या टेम्परेचरचा काटा दिलेला असताना वेगळा मीटर कशाला?" प्रश्न रास्त आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत तो काटा मुद्दाम शांत ठेवलेला असतो. इंजिन तापलं की मध्यावर येतो आणि इंजिन थंड ठेवणारं पाणी ८० अंशांवरून १०० कडे गेलं तरी जागचा हलत नाही. गिऱ्हाईक घाबरू नये, एवढाच हिशोब. काही गाड्यांत तर काटाही नाही, नुसता लाल दिवा. तो पेटेपर्यंत आपण सायनच्या कोंडीत मधल्या लेनमध्ये. जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी सांभाळणाऱ्यांना मे महिन्यातल्या दुपारी एलबीएस मार्गावर काय होतं, ते मी सांगायला नको.

मीटर घेणं सोपं आहे, ऑपेरा हाउसला नाहीतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळून जाईल. डोकं लावायचं ते त्याच्या मागच्या चार वायरींना. एक सप्लाय, एक अर्थ (अर्थिंग, म्हणजे गाडीच्या धातूतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी वाट), एक सेन्सरची (इंजिनात बसून पाण्याचं तापमान मोजतो तो), एक मीटरच्या दिव्याची. रंगावर विसंबू नका, सोबतचा कागद वाचा.

सप्लाय इग्निशनवरून घ्या. टेस्ट लॅम्प, म्हणजे वायरीत करंट आहे का ते दाखवणारा छोटा दिवा, लावा. चावी बंद केल्यावर तो विझला पाहिजे. नाही विझला तर ती वायर थेट बॅटरीची आहे, आणि गाडी आठवडाभर उभी राहिली की धक्का मारायला शेजाऱ्यांना बोलवावं लागेल. फ्यूज दोन-तीन अँपिअरचा, आणि जिथून सप्लाय घेतला तिथेच, मीटरपाशी नव्हे. फ्यूज मीटरसाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. दिव्याची वायर पार्किंग लाइटला जोडा, विषय संपला.

आता अर्थ. खरा घोळ इथे असतो.

साध्या मीटरच्या सेन्सरला एकच वायर असते. दुसरी वायर म्हणजे त्याचे आटे. ते इंजिनच्या धातूत घट्ट बसतात आणि तिथूनच अर्थ मिळते. आपण काय करतो? पाणी गळू नये म्हणून नळाला लावतात ती पांढरी टेप आट्यांवर चार वेढे गुंडाळतो. गळती थांबते, पण अर्थही अर्धवट तुटू शकते. दुसरा प्रकार त्याहून बेरकी. ब्लॉकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य धातूच्या ओतकामावर, जागा नसली की रेडिएटरचा होज पाइप कापून मध्ये ॲल्युमिनियमचा तुकडा बसवतात आणि सेन्सर त्यात. दिसायला झकास. पण त्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना रबर! धातूचा इंजिनशी संबंधच नाही. त्याला वेगळी वायर लावून ती इंजिनच्या ब्लॉकवर नेली पाहिजे.

आणि हे नुसतं बारकाव्याचं काम नाही. हे सेन्सर तापतात तसा त्यांचा रेझिस्टन्स कमी होतो. कच्च्या अर्थमुळे रेझिस्टन्स वाढतो. म्हणजे मीटरला वाटतं, इंजिन थंड आहे. प्रत्यक्षात पाणी उकळायला आलेलं, आणि काटा सांगतोय ७०. ज्या धोक्यासाठी पैसे खर्च केले, नेमका तोच झाकणारा मीटर आपण बसवलेला असतो. मला विचाराल तर असा मीटर असण्यापेक्षा नसलेला बरा. निदान आपण बेसावध तरी राहत नाही.

मीटरची स्वतःची अर्थही ब्लोअर किंवा स्टिरिओच्या वायरीत खुपसू नका. बॉडीचा रंग खरवडून, वायरीच्या टोकाला थिंबल (धातूची कडी) लावून, बोल्टखाली आवळा. मग इंजिन चालू ठेवून हेडलाइट, ब्लोअर, वायपर एकेक करून लावा. लाइट लागताक्षणी तापमान पाच अंशांनी बदललं, तर ते इंजिन नाही, तुमची अर्थ बोलतेय. दोन वायरींच्या सेन्सरला ही कटकट बरीच कमी, पण त्याची परतीची वायर मीटरलाच न्या, बॉडीला जोडू नका.

बसवण्याआधी घरीच एक परीक्षा घ्या. बारा व्होल्टच्या बॅटरीवर मीटर लावा, सेन्सरच्या धातूला क्लिपने अर्थ द्या आणि किटलीतलं पाणी उकळल्या उकळल्या त्याचं टोक बुडवा. मुंबई समुद्रसपाटीला, म्हणजे काटा १०० च्या आसपास हवा. हाच प्रयोग महाबळेश्वरला केलात तर पाणी ९५-९६ लाच उकळेल, तेव्हा मीटरला शिव्या घालू नका. काटा ८० वरच थांबला तर बहुधा एका कंपनीचा सेन्सर आणि दुसऱ्या कंपनीचा मीटर अशी जोडी जमलेली असते. दुकानदार म्हणेल, "साहेब, सगळे सारखेच." सारखे नसतात.

वायर आत आणताना फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात रबर ग्रोमेट, म्हणजे कडेला बसणारी रबराची रिंग, हवंच, आणि भोकाआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच ठिबकेल. पिळून टेप मारलेला जोड आपल्या खाऱ्या हवेत हिरवा पडतो. नीट क्रिंप करा (धातूच्या नळीत पकडीने दाबून जोडा), वर स्लीव्ह चढवा.

प्रश्न घेण्याआधी एकच. डॅशबोर्डखाली पिवळ्या वेष्टनाच्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या वायरी दिसल्या तर त्या बहुतेक एअरबॅगच्या. तिथे टेस्ट लॅम्प लावायचा नाही, हातही नाही. आणि काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. हं, विचारा.