चौदा, चौदा, चौदा

मंडळी, दोन रॅमच्या पट्ट्या समोर आहेत असं धरून चला. दोन्ही डीडीआर-४ पिढीच्या, दोन्ही ८ जीबीच्या, दोन्हींच्या डब्यावर ३२०० लिहिलेलं. एकीवर त्यापुढे १४-१४-१४ असे आकडे आहेत, दुसरीवर १६-१८-१८. पहिली बरीच महाग. दुकानदार म्हणतो, "दोन्ही बत्तीसशेच्याच आहेत, स्वस्तातली घ्या." तुमच्या-माझ्या रोजच्या कामासाठी दुकानदाराचं बरोबर आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे ती ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे रॅम-प्रोसेसर ठरल्या वेगापुढे पळवायची, शौकीन माणसं त्या १४-१४-१४ साठी जुन्या बाजारात महिनोन्‌महिने नजर ठेवून असतात. त्यांना वेड लागलंय का? थोडं लागलंय. पण त्या वेडाला भक्कम आधार आहे.

३२०० हा आकडा वेगाचा. प्रत्येक तारेवरून सेकंदाला ३२० कोटी वेळा माहिती जाऊ शकते, एवढंच तो सांगतो. माहिती मागितल्यावर ती यायला सुरुवात किती वेळानं होणार, हे मात्र पुढचे आकडे सांगतात, आणि ते कळायला चिपच्या पोटात शिरावं लागतं.

तिथे एक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कॅपॅसिटर. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचं पेटंट १९६८ मध्ये मिळालं आणि मुळात आपण आजही तीच वापरतो. कॅपॅसिटरमध्ये विद्युतभार असेल तर एक, नसेल तर शून्य. वाचायचं असेल तेव्हा आधी अख्खी रांग उघडावी लागते. हजारो कॅपॅसिटर आपापला भार लांबलचक तारांवर सोडतात आणि तारेच्या टोकाला बसलेला सेन्स अ‍ॅम्प्लिफायर त्या क्षीण फरकावरून एक की शून्य ते ओळखतो. रांग उघडायला लागणारा वेळ म्हणजे मधला आकडा, टीआरसीडी. उघडलेल्या रांगेतून नेमका स्तंभ बाहेर काढायचा वेळ म्हणजे पहिला आकडा, सीएल. रांग मिटवून पुढच्या रांगेची तयारी करायचा वेळ म्हणजे तिसरा, टीआरपी. आपण याला डिजिटल म्हणतो खरं, पण हा सगळा कारभार भौतिकशास्त्राचा आहे. तारेत भार किती लवकर चढतो-उतरतो, यावर सगळं अवलंबून.

आता जरा हिशेब करू. हे तिन्ही आकडे घड्याळाच्या ठोक्यांत मोजलेले असतात, त्यांचे नॅनोसेकंद करायचे. एका ठोक्यात माहिती दोनदा जाते, म्हणून ३२०० च्या रॅमचे ठोके सेकंदाला १६० कोटी. पहिल्या पिढीतल्या डीडीआर-४०० च्या जमान्यात उत्तम रॅमचं सीएल २ होतं: १० नॅनोसेकंद. आजच्या डीडीआर-५ मधली लोकप्रिय जोडी म्हणजे ६००० आणि सीएल ३०. तीही १० नॅनोसेकंदच! वीस वर्षांत वेग पंधरापट झाला, पण सुरुवातीची वाट पाहणं तसंच राहिलं. जेडेक, म्हणजे ही मानकं ठरवणारी संस्था, तिच्या डीडीआर-४ ३२०० च्या एका प्रमाणात सीएल २२ आहे, म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद. आपल्या १४-१४-१४ वाल्या पट्टीचे होतात ८.७५. प्रोसेसर सगळा वेळ वाट पाहत बसलेला असतो असं नाही, पण ज्या कामात तो बसतो, तिथे हे पाच नॅनोसेकंद दिसतात.

मग शौकिनांना हवी असते ती कोणती चिप? माझ्या मते उत्तर एका वाक्यात येतं: व्होल्टेज वाढवलं की जिची सगळी टायमिंग्ज, म्हणजे हे तिन्ही आकडे, खाली उतरतात ती. बहुतेक चिपांचं सीएल व्होल्टेजनं थोडंफार उतरतं, पण टीआरसीडी अडून बसतो. म्हणून १६-१८-१८, १६-१९-१९ असे वाकडे आकडे दिसतात. तिन्ही आकडे सारखे आणि लहान दिसले की जाणकाराचे कान टवकारतात.

अशा चिपांची एक वंशावळच आहे. मूळपुरुष तैवानच्या विनबॉण्डची बीएच-५. डीडीआरचं मानक व्होल्टेज अडीच व्होल्ट, आणि ही पठ्ठी सव्वातीन-साडेतीन व्होल्ट देऊनही २-२-२ वर पळायची. मदरबोर्डांना एवढं व्होल्टेज देता येत नव्हतं, म्हणून लोक बोर्डावर डाग द्यायचे, रोध बदलायचे. पुढे डीएफआयच्या लॅनपार्टी बोर्डांवर चार व्होल्टपर्यंत जायची सोयच आली. डीडीआर-२ मध्ये मायक्रॉनच्या डी-९ चिपांचं नाव झालं. डीडीआर-३ मध्ये जपानच्या एल्पिडाची 'हायपर' आली. भन्नाट चिप, पण अल्पायुषी. पट्ट्या पटापट मरायच्या. पुढे २०१२ मध्ये एल्पिडा कंपनीच दिवाळखोरीत गेली आणि पुढल्या वर्षी मायक्रॉननं ती घेतली. त्यांचा संबंध जोडू नका, कंपनी बुडाली ती बाजारभाव आणि येनच्या चढत्या दरामुळे.

आणि मग सॅमसंगची आठ गिगाबिटची बी-डाय. डाय म्हणजे चिपच्या आतला सिलिकॉनचा तुकडा, त्याआधीचं अक्षर पिढीचं. सॅमसंगच्या नामकरणात पहिली पिढी एम, दुसरी ए, तिसरी बी. २० नॅनोमीटरवर बनलेली ही चिप. मानक १.२ व्होल्ट, १.३५ वर ती १४-१४-१४ देते. शौकीन तिला १.५ वर रोज चालवतात. शिवाय तिचा रिफ्रेश झटपट होतो. कॅपॅसिटर गळके असतात, त्यामुळे ६४ मिलिसेकंदांत सगळ्या रांगा पुन्हा भराव्या लागतात. दर ७.८ मायक्रोसेकंदांना एक रिफ्रेश, आणि तो चालू असेपर्यंत रॅम कुणाचं ऐकत नाही. मानक वेळ ३५० नॅनोसेकंद; बी-डाय १५० च्या आसपास उरकते. म्हणजे जवळजवळ साडेचार टक्के वेळ वाया जात होता, तो दोन टक्क्यांवर आला.

हिचं नशीब उजळलं मार्च २०१७ मध्ये, एएमडीचे रायझन प्रोसेसर आले तेव्हा. त्या प्रोसेसरच्या आतली जोडणी, इन्फिनिटी फॅब्रिक, रॅमच्याच घड्याळावर चालायची. रॅम हळू तर प्रोसेसरचे दोन भागही एकमेकांशी हळू बोलणार. त्यात बायोस, म्हणजे मदरबोर्ड सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, सुरुवातीला इतकं कच्चं, की बऱ्याच चिपा २९३३ वर अडखळायच्या आणि बी-डाय मात्र ३२०० ला सुरू व्हायची. ज्यांना ओव्हरक्लॉकिंगशी देणंघेणं नव्हतं, तेही दुकानात बी-डाय मागू लागले.

गंमत अशी की सॅमसंगनं ही चिप या लोकांसाठी बनवलीच नव्हती. हीच चिप सर्व्हरांच्या साध्या, हिरव्या, २४०० च्या पट्ट्यांवरही बसायची. त्यानंतरची सी-डाय आणखी बारीक तंत्रावर आली. एका वेफरमधून, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीतून, जास्त चिपा, त्यामुळे कारखान्याच्या दृष्टीनं सरस. पण तिला जास्त व्होल्टेज सोसत नव्हतं. खरा ग्राहक होता डेटा सेंटर आणि मोबाइल. त्याला स्वस्त, थंड, दाट चिप हवी. २०१९ मध्ये बी-डाय बंद होणार ही बातमी आली आणि शौकिनांनी साठेबाजी सुरू केली.

आता ओळखायची कशी? पट्टी विकणारी कंपनी वेगळी, चिप बनवणारी वेगळी, आणि डब्यावर चिपेचं नाव नसतं. पेटीवर देवगड छापलेलं आणि आत कर्नाटकचा आंबा, हा अनुभव आपल्याला नवा नाही. इथे तर एकाच मॉडेल क्रमांकाखाली कधी सॅमसंगची, कधी हायनिक्स या दुसऱ्या चिपकंपनीची चिप निघते. म्हणून लोक स्टिकरवरचं बारीक अक्षर वाचतात. कॉर्सेअरच्या पट्टीवर ४.३१ दिसलं, की आत बी-डाय: पहिला ४ म्हणजे सॅमसंग. जी.स्किलच्या स्टिकरवर ०४२ नं सुरू होणारा क्रमांक असतो, त्याच्या शेवटी १०बी हवं.

एक दोष सांगायलाच हवा, विशेषतः विदर्भातून आलेल्यांना. घट्ट टायमिंगवर बी-डाय उष्णतेला फार हळवी आहे. पट्टी पन्नाशीच्या आसपास गेली की चुका सुरू होतात. अकोल्यात मे महिन्यात खोलीच चाळिशी पार करते, मग रॅमवर वेगळा पंखा लावल्यावाचून गत्यंतर नाही. थंडीत रात्रभर मेमरी टेस्ट पास झालेली पट्टी उन्हाळ्यात नापास होते, म्हणून परीक्षा उन्हाळ्यातच घ्यावी.

डीडीआर-५ मध्ये हा मान सॅमसंगकडून गेला. आधी हायनिक्सची एम-डाय, मग ए-डाय. ८००० च्या पुढे जाणाऱ्या पट्ट्या म्हटलं की हायनिक्सच. बीएच-५ नंतर हे कायमच असं होत आलंय, एकाच कंपनीकडे गादी दोन पिढ्या क्वचितच टिकते.

आज बी-डाय घ्यावी का? एएम-४ सॉकेटच्या, म्हणजे डीडीआर-४ वाल्या, बोर्डावर साधा रायझन असेल आणि जुन्या बाजारात रास्त दरात मिळत असेल, तर जरूर घ्या, आकड्यांशी खेळायला तिच्यासारखी दुसरी नाही. पण २०२२ मध्ये आलेला रायझन ५८००एक्स-३डी असेल, तर पैसे वाचवा. त्याच्या पोटात ९६ एमबी एल-३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच झटपट मेमरी, आहे. बऱ्याच गेममध्ये लागणारी माहिती तिथेच सापडते आणि प्रोसेसरला रॅमच्या दारात जायची वेळ कमी येते. तिथे १६-१८-१८ वाली पट्टी बेलाशक लावा. आणि हो, त्या बाबतीत दुकानदाराचं ऐका.