आमच्याकडूनच आलं का हे?

श्रोतेहो, नमस्कार. मुलाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, आहे हे कळलं की आई-वडील बरेचदा उपचारांच्याही आधी एक प्रश्न विचारतात, आणि तोही खालच्या आवाजात: "डॉक्टर, आमच्याकडूनच आलं का हे?"

बहुतेक घरांना मी ठामपणे 'नाही' म्हणते. ल्युकेमियात जनुकं बिघडतात हे खरं. पण हा बिघाड सहसा अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडांच्या आत रक्त बनवणाऱ्या मगजातल्या, एखाद्या पेशीत नव्याने होतो. १९६० साली ल्युकेमियाच्या रुग्णांत सापडलेलं फिलाडेल्फिया गुणसूत्र, म्हणजे बिघडलेलं एक गुणसूत्र, असंच. ते रुग्णाच्या रक्तपेशींत असतं, मुलाबाळांकडे उतरत नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला तान्हेपणीच ल्युकेमिया झाला, तर दुसऱ्यालाही तो होण्याची भीती फार मोठी असते. ऐकणाऱ्याला वाटतं, आनुवंशिकच की! प्रत्यक्षात पोटात असताना अशा दोघांची वार बहुधा एकच असते आणि एकाची बिघडलेली पेशी तिच्यातूनच दुसऱ्याच्या रक्तात जाते.

काही घराण्यांत मात्र धोका खरोखरच पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. आरयूएनएक्स१ या जनुकात दोष असेल, तर अनेकांच्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, लहानपणापासून कमी असतात. जरासं लागलं तरी काळंनिळं पडतं, नाकाचा घोळणा फुटतो, आणि घरचे म्हणतात, "आमच्याकडे सगळ्यांचं असंच." डीडीएक्स४१ या दुसऱ्या जनुकातला दोष तर बहुधा उतारवयात डोकं वर काढतो, म्हणून आनुवंशिकतेची शंकाच कुणाला येत नाही. असा दोष प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के. तो असलेल्या प्रत्येकाला ल्युकेमिया होतोच असं मात्र नाही.

मग तपासायचं कशाला? मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते कारण सांगते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी आपण आधी सख्ख्या भावंडांकडे बघतो. भाऊ ठणठणीत दिसतो, जुळतोही. पण तोच दोष त्याच्यातही असला, तर त्याच्या पेशींबरोबर धोकाही पुन्हा रुग्णाच्या शरीरात जातो. म्हणून दात्याची तपासणी आधी हवी. रुग्णाच्या रक्तात रोगट पेशी मिसळलेल्या असतात, त्यामुळे दोष जन्मजात आहे का, हे पाहायला त्याच्या त्वचेचा छोटासा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी वाढवतात.

तेव्हा डॉक्टर घरातल्या आजारांबद्दल विचारतील तेव्हा फक्त कर्करोगाचं सांगून थांबू नका. आत्याच्या प्लेटलेट कायम कमी असायच्या, आजोबांना सारखं रक्त चढवावं लागायचं, हेही आठवून सांगा.