सहा बाइटांची तुलना

पडद्यावर रस्ट भाषेतलं एक छोटं फंक्शन आहे. नेटवर्क कार्डाचे दोन मॅक पत्ते, म्हणजे सहा-सहा बाइटांचे दोन ॲरे, सारखे आहेत का, एवढंच ते सांगतं. ४८ बिट. प्रोसेसरमधल्या ६४ बिटांच्या एका रजिस्टरमध्ये, म्हणजे त्याच्या हाताशी असलेल्या छोट्या जागेत, एक पत्ता आरामात मावतो.

रस्टमधल्या २०२१ च्या एका सुधारणेआधी कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, इथे वळसा घ्यायचा. ॲरेची तुलना आतून स्लाइसच्या तुलनेकडे जायची, आणि स्लाइस म्हणजे मेमरीतल्या सलग घटकांकडे बोट दाखवणारा संदर्भ, त्याला मेमरीतला पत्ता लागतो. रजिस्टरमधल्या मूल्याला पत्ता कुठला? मग दोन्ही ॲरे स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत, उतरवायचे आणि त्यांचे पत्ते मेमकम्प (memcmp) या मेमरीतले बाइट ताडून बघणाऱ्या फंक्शनला द्यायचे. एलएलव्हीएम (LLVM), म्हणजे कंपायलरचा यंत्रभाषा तयार करणारा भाग, छोट्या लांबीचा हा कॉल काढून टाकतं, पण बऱ्याचदा अगदी शेवटी. स्टॅकवरच्या अनावश्यक जागा पुसणारं काम तोवर उरकलेलं असतं. तुलना स्वस्त होते, तिच्यासाठी केलेली उतरवाउतरव तशीच राहते.

सुधारणेने कंपायलरला थेट सांगितलं: हे बाइट समान आहेत का ते बघ. आकार दोन पॉइंटरांइतका (पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता साठवणारं मूल्य) किंवा कमी, म्हणजे ६४ बिटांच्या यंत्रावर १६ बाइटांपर्यंत असेल, तर अख्खा ॲरे एकच पूर्णांक समजून तुलना होते. त्याहून मोठा असेल तर मेमकम्प. तिथेही लहान-मोठं ठरवायचं नसल्याने एलएलव्हीएम त्याऐवजी बीकम्प (bcmp) वापरू शकतं. बीकम्पला फक्त समान की वेगळे एवढंच सांगायचं असतं.

खरी जोखीम आहे ती घटकाच्या प्रकारात. पूर्णांक, बूल (खरं-खोटं), कॅरेक्टर यांच्यात बिट समान म्हणजे मूल्य समान. दशांश संख्यांचं तसं नाही. शून्य आणि उणे शून्य समान मानले जातात, पण त्यांचे बिट वेगळे. नॅनचे (NaN, ‘संख्या नाही’ दाखवणारं मूल्य) बिट तेच असले तरी तो स्वतःशीही समान नसतो. स्ट्रक्टमध्ये, म्हणजे अनेक मूल्यं एकत्र बांधणाऱ्या प्रकारात, एक बाइट आणि चार बाइटांचा पूर्णांक असेल, तर अलाइनमेंटसाठी, म्हणजे पूर्णांक चारच्या पटीतल्या पत्त्यावर बसावा म्हणून, तीन बाइट रिकामे राहतात. त्यांत काय असेल याची हमी नाही, त्यामुळे ते वाचून निकाल देणं चूकच.

अशा प्रकारांसाठी घटकागणिक लूप चालतो आणि पहिल्या फरकाला थांबतो. हे मध्येच थांबणंच व्हेक्टर सूचनांच्या, म्हणजे एका फटक्यात अनेक घटकांवर काम करणाऱ्या प्रोसेसरच्या सूचनांच्या, आड येतं. ॲरे छोटा असेल आणि फरक क्वचितच निघत असेल, तर न थांबता सगळे निकाल एकेरी अँडने (&) जोडून पाहा.

ऑप्टिमायझेशन चालू ठेवून कंपायलरकडून असेम्ब्ली, म्हणजे यंत्रसूचनांचं वाचता येणारं रूप, काढा. सोळा बाइटांच्या आतल्या ॲरेसाठी तिथे एकेका घटकाची तुलना दिसली, तर आधी घटकाचा प्रकार तपासा.