आडरस्त्याने जाणाऱ्याची गाडी

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, कोकणातून खाली जायला महामार्ग आहे आणि ज्याला वेळेत पोहोचायचे आहे त्याने राष्ट्रीय महामार्ग 66 धरावा. मी आज बोलणार आहे तो त्याच्या पश्चिमेच्या, समुद्राच्या कडेकडेने जाणाऱ्या रस्त्याविषयी, आणि त्या रस्त्याने नेण्याच्या मोटरसायकलच्या निगेविषयी. हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवायची, सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरायचे, बाणकोटवरून केळशी, आंजर्ले, हर्णै करत दाभोळ गाठायचे. तेथे वाशिष्ठीच्या खाडीवर दुसरी फेरी. पलीकडे धोपाव्याहून गुहागर, वेळणेश्वर, हेदवी आणि तवसाळ. मग शास्त्रीच्या मुखावर तिसरी फेरी, जयगड, आणि थोडे पुढे केशवसुतांचे मालगुंड. नकाशावर हे अंतर फार दिसत नाही, परंतु मोटरसायकलवर त्याला दोन दिवस द्यावेत असे माझे मत आहे, आणि ज्यांनी एका दिवसात ते उरकले त्यांनी रस्ता पाहिला असला तरी गावे पाहिली नाहीत असे मला वाटते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटर मेकॅनिकचा शिल्प निदेशक म्हणून माझी नोकरी झाली. त्यामुळे प्रवासाकडे पाहण्याची माझी नजर यंत्राच्या बाजूने जाते, आणि या रस्त्याची रचना मला प्रथम गाडीच्या आवाजातून कळली. कोकण किनाऱ्यावर जांभ्या दगडाचे सडे आहेत. माथ्यावर सपाट, पावसाळ्यानंतर पिवळ्या गवताने भरलेले, आणि कडेला एकदम खाडीत किंवा पुळणीवर उतरणारे. रस्ता सड्यावर चढतो, दोन-चार किलोमीटर सरळ जातो, मग नारळी-पोफळीच्या बागांमधून तीव्र वळणांनी गावात उतरतो आणि गाव संपताच पुन्हा चढू लागतो. गाडीच्या भाषेत याचा अर्थ असा की दिवसभर दुसरा आणि तिसरा गिअर, सतत क्लच, सतत ब्रेक, हवेत खारटपणा आणि सड्यावर तांबडी धूळ. महामार्गावर शंभर किलोमीटरमध्ये क्लच जेवढा दाबावा लागत नाही तेवढा येथे गुहागर ते तवसाळ या टप्प्यात दाबावा लागतो.

याच रस्त्याचा दुसरा गुण असा की तो शांत आहे. ताशी चाळीसच्या वेगाने, मागेपुढे ट्रक नसताना, हेल्मेटच्या आतसुद्धा इंजिनाचा प्रत्येक बदल ऐकू येतो. टॅपेटची (इंजिनातील झडपा उघडणाऱ्या भागाची) टकटक वाढली आहे का, चेन कव्हरला लागते आहे का, ब्रेक सोडल्यावरही चाकातून घासल्याचा आवाज येतो का, हे शहरात कळत नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगत असे की गाडीचे दुखणे शोधायचे असेल तर ती वर्दळ नसलेल्या रस्त्यावर घेऊन जा. आडरस्ता ही गाडी ऐकण्याची जागा आहे, आणि ज्याने निघण्यापूर्वी गाडी नीट केलेली असते त्यालाच तेथे आवाजातला फरक कळतो. जी गाडी आधीपासूनच चार प्रकारे वाजते आहे, तिच्यातला पाचवा आवाज कोण ओळखणार?

चेनपासून सुरुवात करतो, कारण दुर्लक्ष सर्वांत जास्त तिच्याकडे होते. चेन कोरडी पडली की प्रथम आवाज बदलतो, मग गिअर टाकताना हिसका बसू लागतो आणि शेवटी मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दात्यांच्या चाकाचे, दात एका बाजूला वाकलेल्या आकड्यासारखे दिसू लागतात. त्या अवस्थेत एकटी चेन बदलून उपयोग नसतो, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट असा पूर्ण सेट बदलावा लागतो. साधारण 500 किलोमीटरनंतर, आणि खाऱ्या हवेत किंवा पावसात त्याहून लवकर, चेन पुसून तिला तेल द्यावे. माती निघत नसेल तर रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने किंवा मऊ ब्रशने साफ करावी. आजच्या अनेक गाड्यांच्या चेनमध्ये कड्यांच्या सांध्यात रबराची बारीक वर्तुळे असतात आणि त्यांच्या आत कारखान्यात भरलेले ग्रीस कोंडलेले असते. पेट्रोलने किंवा तारेच्या ब्रशने ती रबरे खराब होतात, आणि मग बाहेरून कितीही तेल लावले तरी चेन आतून झिजत राहते. तेल म्हणून चेनचा स्प्रे किंवा 90 नंबरचे गिअर ऑइल, दोन्ही चालते. दिवसाचा प्रवास संपल्यावर चेन कोमट असताना, खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने ते लावावे, म्हणजे रात्रभरात ते मुरते. हे करताना चाक हाताने फिरवावे. इंजिन चालू करून, गिअरमध्ये टाकून फिरत्या चेनला फडके लावण्याची सवय मी अनेकांची पाहिली आहे. त्या चेन आणि स्प्रॉकेटमध्ये फडक्याबरोबर बोट जाते, आणि ते परत येत नाही. कृपा करून हे कधीही करू नका.

चेनच्या ढिलेपणाविषयी एक गोष्ट अनुभवी चालकांनाही माहीत नसते. आपण गाडी रिकामी, स्टँडवर असताना चेन मोजतो. पण मागे डबल सीट माणूस आणि दोन्ही बाजूंना पिशव्या आल्या की मागचा भाग खाली बसतो, आणि पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचा) खिळा आणि मागचा आस एका रेषेत येऊ लागतात. त्या स्थितीत चेन सर्वाधिक ताणली जाते. म्हणून ‘सैल वाटते, थोडी आवळून द्या’ असे गॅरेजमध्ये सांगून निघालेल्या माणसाची चेन सड्याच्या पहिल्याच खड्ड्यात गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढू लागते. बहुतेक लहान गाड्यांना 20 ते 30 मिलिमीटरचा हेलकावा (चेन वर-खाली हलण्याची मोकळीक) लागतो, परंतु आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा आणि चाक फिरवून जेथे चेन सर्वांत घट्ट आहे तेथे मोजावे. थोडी सैल चेन आवाज करते, घट्ट चेन मुकाट्याने नुकसान करते.

क्लच केबलचे महत्त्व मला अणुस्कुरा घाटाने शिकवले. राजापूर बंदराचा माल पूर्वी ज्या वाटांनी देशावर चढत असे त्यांपैकी ही एक वाट. आजही इतर घाटांच्या मानाने येथे वाहने कमी. राजापूर तालुक्यातील पाचलहून मी कोल्हापूरच्या दिशेने चढत होतो. आदल्या दिवसापासून क्लचची मूठ किंचित खरखरीत लागत होती, आणि केबलच्या टोकाशी तारा एकेक करून तुटत आहेत हे त्या खरखरीवरून मला कळायला हवे होते. शिकवणाऱ्या माणसाकडून झालेली ही चूक मला अजून बोचते. निम्म्या चढावर केबल तुटली. चढावर क्लचशिवाय गाडी सुरू करून पुढे नेणे जमण्यासारखे नव्हते, म्हणून गाडी वळवून तोंड उताराकडे केले, इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये गाडीला थोडा वेग येऊ दिला आणि हलकेच गिअरमध्ये टाकून दुसऱ्यातच पाचलपर्यंत उतरलो. चालत्या गाडीत क्लचशिवाय वरचा गिअर टाकता येतो. थ्रॉटल क्षणभर सोडताना पायाने दाब द्यायचा, दातांवरचा ताण कमी होताच गिअर पडतो. पाचलमधल्या एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीची केबल खिळ्याला टांगलेली मिळाली, कारण माझी गाडी गावोगावी चालणाऱ्या 100 सीसीच्या जातीची होती. तेव्हापासून लांबच्या प्रवासाला निघताना मी नवी केबल जुन्या केबलच्या शेजारून, त्याच वळणांनी, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधून ठेवतो. तुटली तर फक्त दोन टोके जोडायची, टाकी काढण्याची गरज नाही.

त्या खिळ्याला टांगलेल्या केबलमुळेच माझे एक मत पक्के झाले आहे, आणि ते सगळ्यांना पटत नाही. आडरस्त्यांसाठी 100 ते 150 सीसीची, हजारोंनी विकली गेलेली साधी गाडी पुरेशी असते. तिचे ब्रेक शू, प्लग, केबल, ट्यूब तालुक्याच्या प्रत्येक बाजारात मिळतात आणि ती दुरुस्त केलेले हात प्रत्येक नाक्यावर असतात. मोठी गाडी चढावर आरामात जाते हे खरे आहे, पण फेरीच्या ओल्या फळीवरून ती एकट्याने मागे ओढून पाहा.

ब्रेकचा विषय घाटाशी जोडलेला आहे. महाबळेश्वर सुमारे 1,350 मीटर उंचीवर आहे आणि आंबेनळी घाट तेथून पोलादपूरला, सह्याद्रीच्या पायथ्याशी उतरतो. एवढ्या उंचीवरून खाली येताना गाडीची सगळी ऊर्जा कोठेतरी उष्णता होऊन जावीच लागते. ती इंजिनात घालवायची की ब्रेकमध्ये, एवढाच निर्णय आपल्या हातात असतो. जुने चालक सांगत, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. त्यामागचे कारण हेच आहे. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे चालक सगळी उष्णता ब्रेकवर टाकतात. ड्रम ब्रेकचे लायनर (घासपट्ट्या) तापून पकड सोडतात आणि डिस्क असेल तर उष्णता कॅलिपरमधून (डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागातून) ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. हे द्रव हवेतला ओलावा शोषते. डॉट 4 प्रकारच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यानंतर त्याच मानकाची किमान मर्यादा 155 अंश आहे. द्रव उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो, आणि ब्रेकची मूठ दांड्याला टेकते तरी चाक थांबत नाही. कोकणच्या दमट हवेत राहणाऱ्या गाडीचे ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदलावे, मग किलोमीटर कितीही कमी झालेले असोत. त्याचा रंग चहासारखा झाला असेल तर दोन वर्षांचीही वाट पाहू नये.

इंजिन ऑइलविषयी थोडक्यात. बहुतेक मोटरसायकलींत एकच तेल इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच या तिघांना पुरते. मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात, त्यांनी क्लचच्या प्लेटा घसरू लागतात आणि चढावर इंजिन ओरडते पण गाडी पुढे जात नाही. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ असे, मोटरसायकलच्या तेलाच्या मानकाचे, चिन्ह पाहूनच तेल घ्यावे. टायरची हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, थंड असताना मोजावी आणि सामान असेल तर पुस्तिकेत दिलेला डबल सीटचा आकडा धरावा. आऱ्यांच्या चाकात सहसा ट्यूब असते. पंक्चरच्या दुकानापर्यंत पोहोचण्यासाठी लहान पंप जवळ असावा. सड्यावरची तांबडी धूळ एअर फिल्टरमध्ये बसते, म्हणून असा प्रवास झाल्यावर तो काढून पाहावा.

एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 लागू झाल्यावर नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेला आणि फ्युएल इंजेक्शन आले. माझ्या पिढीचे रस्त्याच्या कडेला कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोलचे बारीक छिद्र) फुंकून गाडी चालू करण्याचे कौशल्य त्यामुळे फारसे उपयोगाचे राहिले नाही, याची मला हळहळ वाटते. पण नवी गाडी तक्रारी कमी करते हेही मान्य केले पाहिजे. तिला चांगली बॅटरी मात्र हवीच, कारण बॅटरी पूर्ण उतरली तर इंधनाचा पंप चालत नाही आणि ढकलूनही गाडी सुरू होत नाही. बॅटरीची टोके घट्ट आणि स्वच्छ आहेत का ते पाहावे, आणि एक-दोन जादा फ्यूज सीटखाली ठेवावेत.

फेरीबोटीवर गाडी मेन स्टँडवर न लावता साईड स्टँडवर, पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि शेजारी उभे राहावे. भरतीच्या वेळी पुढच्या फळीवरून खारे पाणी उडते. मुक्कामी पोहोचल्यावर यजमानांकडून बादलीभर गोडे पाणी मागून आरे, चेन आणि सायलेन्सर धुवावेत. किनाऱ्यावरच्या कोणत्याही घरात याला कोणी नाही म्हटल्याचे मला आठवत नाही. उलट अंगणात गाडी धुताना घरातले कोणीतरी येऊन उभे राहते, कोठून आलात विचारते, आणि उद्या कोणत्या रस्त्याने जावे, कोठे मोरी खचली आहे, कोणता पूल भरतीला पाण्याखाली जातो, हे सगळे तेथेच कळते. वरंधसारखा घाट पावसाळ्यात प्रशासन वाहतुकीला बंद करते, ती बातमीही मला एकदा अशाच अंगणात मिळाली होती.

माझी गाडी बाहेर पायऱ्यांजवळ उभी आहे. चेनचा ढिलेपणा माणूस बसल्यावर किती बदलतो ते बोलण्यापेक्षा पट्टी लावून पाहिलेले बरे. ज्यांना थांबता येईल त्यांनी बाहेर यावे. एकाला सीटवर बसवू, एकाने मोजावे, आणि आपापल्या गाड्यांच्या पुस्तिकेतले आकडेही सोबत पाहू.