लाल होणारा व्हॉल्व्ह

(पडद्यावर: गॅरेजमधलं टेबल, दिवा बंद. काचेच्या नळीत हळूहळू लाली चढते.)

ही लाली दिसायला नको. व्हॉल्व्हच्या, म्हणजे या काचेच्या नळीच्या, मधोमध जी बारीक केशरी धग असते ती ठीक, ती तापण्यासाठीच असते. पण तिच्याभोवतीचा करडा पत्रा, म्हणजे प्लेट, लाल व्हायला लागली की व्हॉल्व्ह आतून भाजतोय असं समजायचं आणि मुकाट्यानं बटण बंद करायचं.

(दिवा लागतो.)

हा फेंडरचा चॅम्प, गिटारचा अँप्लिफायर. जन्म कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा. खोक्याच्या आत चिकटवलेल्या कागदावर दोन अक्षरांचा शिक्का आहे: एच आणि सी. पहिलं अक्षर वर्षाचं, ए म्हणजे १९५१ धरून पुढे मोजायचं. दुसरं महिन्याचं. म्हणजे हा मार्च १९५८ चा. आठ इंची स्पीकर, पाचेक वॅटचा आवाज आणि एकच खुंटी, एक ते बारा आकड्यांची. चालू-बंदही त्याच खुंटीवर.

आत व्हॉल्व्ह तीनच. ५वाय३ घरातल्या एसीचं, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या विजेचं, एकाच दिशेनं वाहणारं डीसी करतो. १२एएक्स७ गिटारचा नाजूक सिग्नल दोन टप्प्यांत वाढवतो. आणि ६व्ही६ स्पीकर हलवतो. इथे अमेरिकेत सगळे त्यांना ट्यूब म्हणतात. माझ्या तोंडून मात्र व्हॉल्व्हच येतं, कारण बाबा ठाण्यात रेडिओ दुरुस्त करायचे आणि त्यांच्या टेबलाखाली बसून मी हे शब्द शिकलोय.

मालकाची तक्रार दुहेरी. एक, मोठी घुमघुम. दोन, हा लाल होणारा ६व्ही६. त्यानं तीन नवे ६व्ही६ एकामागून एक लावून पाहिले, तिन्ही तसेच लाल झाले. तिसऱ्यानंतर तरी संशयित बदलायला हवा होता, पण व्हॉल्व्ह हातानं उपसता येतो आणि बाकीच्या गोष्टींना डाग द्यावा लागतो. म्हणून दोष नेहमी व्हॉल्व्हच्या माथी.

(पडद्यावर: लाकडी फळीवर बल्ब आणि सॉकेट.)

जुनं यंत्र थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये घालायचं नाही. आधी सिरीज बल्ब, म्हणजे यंत्राकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत जोडलेला बल्ब. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भकभकून पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. इथे तो क्षणभर उजळला आणि मंदावला. म्हणजे शॉर्ट नाही.

जुनी दोन पिनांची वायर काढून टाकली, अर्थिंगची तिसरी तार चॅसिसला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, जोडली. यावर चर्चा नको. गिटारवाल्याच्या हातातल्या लोखंडी तारा थेट या चॅसिसला जोडलेल्या असतात.

आणि प्लग काढला म्हणजे आत वीज उरली नाही, असं नाही. वीज साठवणाऱ्या कंडेन्सरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट बसलेले असू शकतात. रेझिस्टर लावून ते उतरवायचे, मीटरवर शून्य पाहायचं, मगच बोट घालायचं. चालू यंत्रात मोजायचं असेल तर डावा हात खिशात. बाबा तर तो पाठीमागे धरायचे.

आता घुमघुम. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून फिल्टर, म्हणजे डीसी सपाट करणारे कंडेन्सर, दमले की १२० हर्ट्झचा गुंजारव येतो. आपल्याकडे ५० ची, तिथे तो १०० चा, किंचित खालच्या सुरात. १२एएक्स७ उपसून पाहिला, घुमघुम तशीच. म्हणजे ती सिग्नलबरोबर येत नाहीये, सप्लायमधूनच येतेय. पुठ्ठ्याच्या वेष्टणातले तीन कंडेन्सर, १६, ८ आणि ८ मायक्रोफॅरडचे, आतून वाळलेले. त्याच मापाचे नवे घातले. पहिला भलताच मोठा घालण्याचा मोह आवरावा, तो भरताना ५वाय३ चा जीव जातो.

घुमघुम गेली. लाली मात्र राहिली.

(पडद्यावर: उलटं केलेलं चॅसिस, काळी पट्टी, कापडी वेष्टणाच्या तारा.)

६व्ही६ च्या कॅथोडखाली, म्हणजे मधल्या तापणाऱ्या भागाखाली, ४७० ओहमचा रेझिस्टर आहे. त्यावर १९ च्या आसपास व्होल्ट अपेक्षित. मीटर दाखवतोय २७. भागाकार करा: ४० ऐवजी ५७ मिलिअँपिअर. प्लेट आणि कॅथोडमधल्या २९० व्होल्टनं गुणा, ढोबळमानानं साडेसोळा वॅट. ६व्ही६ ची मर्यादा १४. मग लाल होईल नाही तर काय?

पण इतका करंट तो कशामुळे ओढतोय? व्हॉल्व्हचा नळ ग्रिडच्या, म्हणजे कॅथोड आणि प्लेटमधल्या जाळीच्या, हातात असतो. म्हणून ६व्ही६ काढून ठेवला आणि रिकाम्या सॉकेटच्या पाचव्या पिनेवर, ग्रिडवर, मीटर लावला. खालून पाहताना खाचेपासून घड्याळाच्या दिशेनं मोजायचं. व्हॉल्व्ह काढला की सप्लायचा दाब वर चढतो, त्यामुळे हे काम झटपट.

इथे शून्य हवं.

(पडद्यावर: मीटर जवळून. ९.१)

नऊ व्होल्ट. म्हणजे नळ हवा त्याहून जास्त उघडा. आणि व्हॉल्व्ह तर टेबलावर पडलाय, त्याचा यात हात असणं शक्यच नाही.

मागे जाऊ या. ग्रिडच्या आधी एक पिवळा कंडेन्सर आहे, ०.०२ मायक्रोफॅरडचा, पेन्सिलच्या तुकड्याएवढा. आधीच्या टप्प्यावरचे दीडशेहून अधिक डीसी व्होल्ट त्यानं अडवायचे आणि फक्त गिटारचा सूर पुढे सोडायचा. साठ-पासष्ट वर्षांत याच्या आतला कागद झिरपायला लागलाय. हिशेब केला तर गळती चाळीसेक मायक्रोअँपिअरची. पण ग्रिडखालच्या २२० हजार ओहमच्या रेझिस्टरवर तेवढ्याचेच नऊ व्होल्ट होतात.

खात्री करायला त्याचा एक पाय उचलला. पाचवी पिन: शून्य.

(पडद्यावर: सोल्डरचा धूर. नवा कंडेन्सर बसतो.)

नवा कंडेन्सर एक-दोन डॉलरचा. मालकानं आणलेले तीन व्हॉल्व्ह त्याच्या कित्येक पट महाग. नशिबानं ते फार वेळ तापले नव्हते, त्यातलाच एक लावला. कॅथोडवर १९.२. दिवा घालवून दहा मिनिटं पाहत बसलो. पत्रा करडाच.

लाकडी चॉपस्टिकनं एकेक जोड ठोकून पाहिला. एका ठिकाणी स्पीकरमधून 'टक्' आलं, इनपुट जॅकचा सोल्डर सुटत होता. तोही पक्का केला.

पिवळा कंडेन्सर फेकला नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तारीख आणि 'गळतो' असं लिहून, खोक्याच्या आत टाचून ठेवला. उद्या दुसरा कुणी हे उघडेल, त्याला मूळ भागही मिळेल आणि निदानही.

(पडद्यावर: खुंटी चारवरून नऊवर जाते. गिटारची जाडी तार वाजते. चारवर सूर स्वच्छ, नऊवर कडा फाटलेली.)

तार शांत झाल्यावर बारीकशी घुमघुम ऐकू येतेय ना? ती याच्या बनावटीतलीच आहे. ६व्ही६ एकटाच असल्यानं ती खोडून काढायला जोडीदार नाही. तिला हात लावलेला नाही.